चौथा खटका

माझ्या गिटारचा आवाज पहिल्यांदा मनासारखा फाटला तेव्हा मी खूश झालो आणि चाचांनी कपाळाला हात लावला. चाचा म्हणजे वाशीमच्या बाजारगल्लीतले रेडिओ मिस्त्री. फाटलेले आवाज नीट करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लोक खरखरणारे रेडिओ फडक्यात बांधून आणायचे आणि चाचा ते गोड करून परत द्यायचे. आणि मी चांगला धडधाकट आवाज घेऊन त्यांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, हा फाडून द्या.

"बेटा, हे बिमारी हाय," ते म्हणाले. "बिमारी कोनी मांगून घेते का?"

मी घेणार होतो. मी तेव्हा पंचायत समितीत कनिष्ठ कारकून होतो. अंगात रग होती आणि माझं म्हणणं कुणी पहिल्या झटक्यात मान्य केलं नाही की मी हट्टाला पेटायचो. आजही पेटतो, फक्त आता दम लागतो.

माझा मोठा भाऊ गायक होता. आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणायचो. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. दिवसभर तो जिनात कापूस रेचायच्या, म्हणजे सरकी वेगळी करायच्या, यंत्रावर उभा असायचा आणि जयंती आली, विहाराचं उद्घाटन निघालं, कुणाचं लग्न ठरलं की आमची गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचा. आमच्या समाजानं नवा धम्म घेतला तेव्हा तो पंधरा-सोळाचा होता. तेव्हापासून गात होता. भोंगे नव्हते, माईक नव्हते, उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे गळा ताणायचा, एवढंच त्याला माहीत. त्यात जिनातली रुई. श्वास घेतला की नाकातोंडात रुई. तिशी उलटली तसा त्याचा आवाज वरच्या सुरात मधेच चिरकायला लागला. तो कुणाला दाखवायचा नाही, पण मला कळायचं.

भाऊची एक गोष्ट पंचक्रोशीत माहीत होती, ती म्हणजे त्याचा खटका. शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो सगळ्यात वरच्या सुराला जायचा, तिथं क्षणभर थांबायचा आणि गळ्यातून एक हिसका द्यायचा, असा की सूर एकदम वर उडून परत जागेवर येऊन बसायचा. त्याच्या आधी तो मान डावीकडे वळवून ढोलकीवाल्याला, म्हणजे आमच्या मामेभावाला, एकच शब्द सांगायचा, "खटका." मग ढोलकी एक थाप थांबायची, मोकळी जागा मिळायची आणि भाऊचा गळा त्या जागेत चमकून जायचा. लोक त्या एका थापेसाठी दोन-दोन तास बसायचे.

माझी गिटार या सगळ्यात उपरी होती. एका मासिकात चित्र पाहून मी ती दारं-खिडक्या करणाऱ्या सुताराकडून सागवानात कोरून घेतली होती. तिचा आवाज उचलणारं लोहचुंबक चाचांनी एका मेलेल्या स्पीकरमधून काढलं आणि त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळून दिली. वाजायची छान. पण तिचा सूर टण्ण म्हणून यायचा आणि ढोलकीच्या दोन थापांत मरायचा. मला लांब सूर हवा होता, गळ्यासारखा, ओढावा तितका ओढला जाणारा. चाचांच्या दुकानात एका बिघडलेल्या रेडिओला गिटार जोडली तेव्हा तसा सूर सापडला. आवाज फाटला की तो लवकर मरत नाही, धरून राहतो. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचेना.

शेवटी चाचांनी आवाज फाडणारं यंत्र बनवून दिलं. दोन ट्रान्झिस्टर, चार सेल, आणि डब्बा म्हणून त्यांच्या घरचं जुनं पितळी पानदान. त्याच्या आतून कायम कातचुन्याचा वास यायचा. मी मंचाच्या कडेला तिपाईवर अनवाणी बसायचो आणि पायाच्या अंगठ्यानं पानदानावरचा दांडा फिरवायचो. एकीकडे केला की गिटार साधी, दुसरीकडे केला की फाटलेली.

पहिल्यांदा मी ते आसेगावला वाजवलं, आणि तिथंच मी भावाचा गळा घालवला.

थंडीतली दुपार होती, विहाराचं उद्घाटन होतं, माणसं भरपूर. आमच्या भागात कार्यक्रम कुठंही असो, भोंगे एकाच माणसाचे असायचे. तो मंगरुळपीरचा. भोंग्याच्या बुडाशी आवाज काढणारा जो भाग असतो त्याला युनिट म्हणतात, आणि हा माणूस आपल्या युनिटांना पोटच्या लेकरांसारखं जपायचा. दुसऱ्या गाण्यात मी अंगठ्यानं दांडा फिरवला. चारी भोंग्यांतून माझा फाटका सूर निघाला, आणि मला वाटलं की आता सगळं गाव वळून पाहील. वळून पाहिलं ते भोंगेवाल्यानं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"युनिट फाटलं," असं म्हणून त्यानं वायरच उपटली.

मी सांगत होतो की काही फाटलेलं नाही, हा माझा आवाज आहे. तो ऐकेना. फाटलेला आवाज कुणी मुद्दाम काढेल हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तो शिडी लावून बांबूवर चढला, एकेक भोंगा उतरवून उघडायला लागला. लोक चुळबुळायला लागले, मागची माणसं उठली. तेव्हा भाऊ पेटी बाजूला सारून उभा राहिला आणि माईकशिवाय गायला लागला, जुन्या दिवसांसारखा, गळा ताणून. चारी युनिट तपासून होईपर्यंत तो गात होता. युनिटं शाबूत निघाली. भाऊचा गळा मात्र दुसऱ्या दिवशी बंद. तोंड उघडलं की नुसती हवा.

अकोल्याच्या डॉक्टरांनी आरशानं घशात पाहिलं आणि गाठी आल्यात म्हणून सांगितलं. जिनातल्या रुईपासून लांब राहा, बोलणं बंद, गाणं तर नावच काढू नका, आणि काही महिन्यांनी बघू. जिन सोडणं शक्य नव्हतं. नाकाला फडकं बांधून भाऊ कामावर जायला लागला. बोलणं त्यानं बंद केलं. घरात हातवारे चालायचे, फार झालं तर कुजबूज.

दोष माझा होता. तेव्हा कुणी तसं म्हणालं नाही आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. भाऊनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी पानदान खाटेखाली ढकलून दिलं आणि पंधरा दिवस गिटारला हात लावला नाही.

मग मेडशीहून माणूस आला. जयंतीचं बोलावणं. भाऊनं पहिलं गाणं मेडशीतच म्हटलं होतं, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, आणि तेव्हापासून एक जयंती चुकली नव्हती. त्या माणसासमोर त्यानं होकारार्थी मान हलवली. तो गेल्यावर वहिनीनं भांडी आपटायला सुरुवात केली. भाऊ तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला ऐकू येईल असं बोलला.

"मेडशीत जर फाटला ना, तर पेटीले कुलूप. मंग नाव नाई काढत मी."

त्या घटकेपासून जीव टांगणीला लागला. चैत्रापर्यंत जेमतेम दोन महिने होते. गळा बरा होईल की नाही कुणाला ठाऊक नव्हतं, आणि भाऊ बोलला म्हणजे बोलला. वीस वर्षांचं गाणं एका दुपारवर येऊन बसलं होतं.

पानदान खाटेखालून काढलं ते वहिनीनं. झाडताना तिच्या हाती लागलं तशी ती ते घेऊन ओसरीवर आली आणि भाऊपुढं ठेवलं. तिचं गाण्यातलं ज्ञान आमच्याइतकं नव्हतं, पण मुद्दा तिला आमच्या आधी दिसला. "हे सूर धरून राह्यते ना?" ती म्हणाली. "मंग यालेच ओढू द्या. तुमी कायले ओढता?"

भाऊनं पानदान हातानं परत सरकवलं. मग कितीतरी दिवस ते ओसरीवर तसंच पडून होतं. सूर आपला आणि ओढणार डब्बा, हे त्याला पटत नव्हतं, आणि त्याची नजर पानदानावर गेली की मला मान खाली घालावीशी वाटायची. मला स्वतःलाही आता खात्री नव्हती. तो डब्बा मला शोभतो का? मला तो हवा होता म्हणून मी सोयीची कारणं शोधतोय का? कारकुनी करताना अर्जावर शेरा मारणं सोपं असतं. इथं हो म्हटलं तरी भाऊचं गाणं पणाला लागणार होतं आणि नाही म्हटलं तरी.

शेवटी भाऊ एका रविवारी स्वतःच पानदान काखेत मारून चाचांच्या दुकानात निघाला. मी मागे. त्यानं एकच अट घातली, तीही कुजबुजत: मंचावर प्रयोग नको. जे ठरवायचं ते इथं ठरवा.

चाचांनी एका जुन्या रेडिओतला गोल फिरणारा स्विच काढला, स्टेशनांचे पट्टे बदलायचा. त्याला चार जागा होत्या. प्रत्येक जागी त्यांनी वेगळा आवाज बांधून द्यायचं ठरवलं, म्हणजे मंचावर कमी-जास्त करायला नको, दांडा एक घर पुढं ढकलला की ठरलेला आवाज हजर. दांडा घर बदलायचा तेव्हा कट्ट असा आवाज यायचा. चाचा त्या घरांना खटके म्हणायचे. पहिला खटका, दुसरा खटका. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. रोज संध्याकाळी जिनातून सुटून भाऊ दुकानात यायचा, मी कचेरीतून यायचो. मी वाजवायचो, तो डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा, हो किंवा नाही. बहुतेक वेळा नाही. पहिला खटका जवळजवळ साधा. दुसरा जरा लांबणारा. तिसरा फाटका, पण बेतानं. एकेक ठरला की चाचा त्यावर लाख वितळवून थेंब सोडायचे, म्हणजे पुन्हा कुणाला हलवता येऊ नये.

चौथ्याला दहा दिवस लागले. तो शेवटच्या कडव्यासाठी होता. ठरलं असं की भाऊ वरच्या सुराला नुसता शिवेल आणि सोडेल, आणि तिथून मी चौथ्या खटक्यावर सूर उचलून धरेन. त्याच्या गळ्यातला खटका या वर्षी नाही. असं ठरवताना तो भिंतीकडे पाहत होता. मी वाजवला, चाचांनी एक रोधक काढून दुसरा जोडला, मी पुन्हा वाजवला. दहाव्या दिवशी तो सूर असा निघाला की दुकानाबाहेर उभा असलेला पानवाला आत डोकावला. भाऊनं मान हलवली, हो. चाचांनी लाख सोडली, पण त्यांचं समाधान दिसेना.

"मी बांधून देल्लं," ते म्हणाले, "पन इथं सावली हाय. हे ट्रान्झिस्टर थंडीचा माल. उन्हात याचं डोकं फिरते. मेडशीत कसा बोलीन, मी सांगू शकत नाई."

हीच खरी भीती होती. दुकानातल्या गारव्यात बसून आम्ही मेडशीच्या चैत्रातला आवाज ठरवत होतो, आणि त्यावर लाख लावत होतो. पण आता माघार घेण्याइतका शहाणपणा माझ्यात नव्हता.

घरात मात्र त्या दोन महिन्यांत खटका म्हटलं की पानदानच. वहिनी विचारायची, आज कोणता खटका झाला? मामेभाऊ यायचा आणि म्हणायचा, चौथा खटका ऐकव. भाऊच्या गळ्यातल्या खटक्याविषयी कुणी बोलेना. जखमेवरून बोलणं टाळतात तसं आम्ही ते टाळत होतो.

मेडशीला आम्ही एसटीनं गेलो. चाचाही आले. भोंगेवाल्याजवळ बसून त्याचे हात धरून ठेवण्याचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं होतं. ऊन असं होतं की टपावरून उतरवलेली पेटी धरवेना. मिरवणूक दुपारी झाली, गाव निळ्या पताकांनी भरलं होतं, आणि चारच्या सुमारास मंडपात गाणी सुरू झाली. वरती टिनपत्रे. त्यांच्याखाली माणसं दाटीवाटीनं बसली होती. भोंगेवाल्याशेजारी चाचा, आणि त्या दोघांना लागून मी, कारण माझी वायर त्याच्याच यंत्रात जायची.

पहिल्या गाण्यातच घात झाला. मी दुसऱ्या खटक्यावर गेलो आणि गिटार गुदमरली. सूर तुटक तुटक यायला लागला, उचकी लागल्यासारखा. तिसऱ्यावर गेलो तर आवाजच नाही. पानदानाचं पितळ अंगठ्याला चटके देत होतं. मी झटकन पहिल्यावर परत आलो आणि चाचांकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं. ते उठले, मंडपाच्या टोकाला पाण्याचे रांजण होते तिथं गेले, खांद्यावरचा रुमाल भिजवला, येऊन पानदानाभोवती गुंडाळला आणि सेलांच्या बाजूनं पाणी जाऊ नये म्हणून एक हात तिथंच धरून बसले. रुमाल वाळला की पुन्हा रांजण. प्रत्येक गाण्यामागे एक खेप.

भाऊला यातलं काही कळत नव्हतं. तो पुढं होता, त्याची पाठ आमच्याकडे. तो खालच्या सुरातली गाणी एकामागून एक म्हणत होता आणि मी पहिल्या खटक्यावर साधी साथ करत होतो. चौथा जिवंत आहे की मेला हे मला माहीत नव्हतं. गाण्याच्या मधे तो तपासता येत नव्हता आणि दोन गाण्यांच्या मधे तपासला तर भाऊला कळलं असतं. एकेक गाणं संपत होतं, शेवटचं जवळ येत होतं. माझं सगळं लक्ष पायाखाली होतं. पितळ गार झालं का, रुमाल ओला आहे का, सेल टिकतील का. मी डब्बा ऐकत होतो. भावाचं गाणं मी ऐकतच नव्हतो, आणि ते मला त्या वेळी लक्षातही आलं नाही.

शेवटचं गाणं सुरू झालं. शेवटचं कडवं आलं. भाऊ वर चढायला लागला. चाचांनी रुमाल पिळून पुन्हा दाबला. मी अंगठा दांड्यावर ठेवला आणि श्वास धरला.

भाऊनं मान डावीकडे वळवली आणि म्हणाला, "खटका."

ढोलकी थांबली. मी दांडा चौथ्या घरात ढकलला.

आवाज आला. दुकानात आला होता त्याहून मोठा, त्याहून लांब, चारी भोंग्यांतून, सगळ्या मेडशीवर. मंडप हलला. माणसं उभी राहिली, बायांनी हात वर केले, कुणीतरी निळा झेंडा भोवंडत पुढं आलं. भोंगेवाल्याचा हात वायरीकडे गेला होता तो चाचांनी धरून ठेवला होता. भाऊचं तोंड उघडं होतं. मान अजून वळलेलीच होती म्हणून मी बाजूनं ते पाहिलं, आणि ते हळूहळू मिटलं हेही पाहिलं. मला वाटलं, ठरल्याप्रमाणेच झालं. सुराला शिवला आणि सोडला. मला इतका आनंद झाला होता की मी तो सूर ठरल्यापेक्षा दुप्पट ओढला.

परतीच्या एसटीत चाचा खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होते. मामेभाऊ सगळ्यांना सांगत होता की पुढच्या वर्षी आपल्याला अकोल्याहून बोलावणं येईल. भाऊ गप्प होता. पण तो तीन महिने गप्पच होता, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. भाऊ बादली घेऊन आला, खाली ठेवली आणि उभा राहिला. त्याचा आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि आरशात पाहता पाहता माझा हात थांबला.

"तू काहून दाबला?" तो म्हणाला.

मी म्हणालो की तूच तर म्हणालास, खटका.

"मी माया खटका म्हनलो होतो," तो म्हणाला. "आला होता रे. गळ्यापर्यंत आला होता."

साबण गालावर वाळत गेला. आता सगळं उलटं दिसायला लागलं. ठरल्याप्रमाणे त्याला काही बोलायचंच नव्हतं, नुसतं शिवून सोडायचं होतं. तो मान वळवून बोलला तिथंच मला कळायला हवं होतं. मामेभावाला कळलं होतं, वीस वर्षांच्या सवयीनं त्यानं जागा दिली. ती जागा भाऊची होती आणि मी तिच्यात डब्बा घुसवला. त्या दिवशी तीन महिन्यांच्या मौनानंतर त्याचा गळा मोकळा झाला होता, पहिल्या गाण्यापासून लागत गेला होता, आणि मंडपातल्या प्रत्येक माणसाला ते ऐकू आलं असणार. शेजारी बसलेल्या भावाला सोडून.

मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्यानं मला धरलं आणि म्हणाला, दाढी कर, कचेरीची वेळ झाली. पेटीला त्यानं कुलूप लावलं नाही, कारण आवाज फाटला नव्हता. पण उघडलीही नाही. कुलपापेक्षा ते वाईट होतं. लोक विचारायला यायचे तेव्हा तो म्हणायचा, आता हा वाजवते ना, त्याले घेऊन जा. आणि मला बोलावणी यायलाही लागली. चौथा खटका ऐकायला लोक येत होते. मी दोन ठिकाणी गेलो. दोन्हीकडे माणसं उठून उभी राहिली आणि दोन्हीकडे मला तो आवाज सहन झाला नाही.

पावसाळ्यात मी पानदान घेऊन चाचांकडे गेलो आणि म्हणालो, चौथ्यावरची लाख फोडा, आतलं काढून टाका. त्यांनी विचारलं, त्याच्या जागी काय बांधू? मी म्हणालो, काही नाही. तिथं दांडा आला की गिटार बंद झाली पाहिजे. मेडशीत खरं काय झालं ते चाचांना बहुतेक त्या क्षणी कळलं. त्यांनी चिमट्यानं लाख फोडली. मग मी भाऊला दुकानात आणलं. पहिला वाजवला, दुसरा, तिसरा, आणि चौथ्यावर नेला. काहीच वाजलं नाही. नुसता कट्ट आवाज झाला. भाऊनं दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या संध्याकाळी घरी येऊन पेटी उघडून बसला. भात्यावर धूळ होती, ती वहिनीनं पदरानं पुसली.

पुढच्या वर्षी भाऊ मेडशीला गेला नाही, जयंती आम्ही धनजला केली. वर्षभर जिनात रुई खाऊन गळा पुन्हा खराब झाला होता. सकाळी उठल्यावर भाऊ खोकत बसायचा. मेडशीत होती ती सफाई राहिली नव्हती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटच्या कडव्याआधी मी मनात म्हणत होतो, नको म्हणू, आज नको. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी मांड्या सावरल्या होत्या. ते त्या एका थापेसाठी थांबले होते.

भाऊनं मान डावीकडे वळवली आणि म्हणाला, "खटका."

ढोलकी थांबली. मी दांडा चौथ्या घरात ढकलला. गिटार मुकी झाली. त्या मोकळ्या जागेत भाऊचा सूर वर उडाला आणि फाटला. चारी भोंग्यांतून फाटला, खरखरीत, उभा चिरत गेला. परत जागेवर येऊन बसला तेव्हाही तो फाटकाच होता. भाऊ थांबला नाही. त्याच फाटक्या आवाजात त्यानं पुढची ओळ धरली.

माझ्या शेजारी भोंगेवाला दचकून उठला. युनिट, असं पुटपुटत त्यानं वायरीला हात घातला. मी त्याचं मनगट धरलं.

"युनिट नाई फाटलं," मी म्हणालो. "माया भाऊ गाऊन राह्यला. राहू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. मी मनगट सोडलं नाही. गाणं संपेपर्यंत मी ते तसंच धरून होतो.